बेडसाइड क्रिब घेताना आधी फट बघा, रंग नंतर

बाळ येणार म्हटलं की घरात वस्तूंची यादी सुरू होते आणि त्या यादीत बेडसाइड क्रिब बराच वर असतो. एका बाजूचा कठडा खाली घेता येणारा, आईबाबांच्या पलंगाला खेटून उभा राहणारा छोटा पाळणा. बाळ हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या गादीवर. कल्पना झकास आहे. पोटावरचे टाके ओले असताना रात्रीतून चार वेळा उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे काय, हे जिने भोगलंय तिला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पण क्रिब बघायला गेलो की आपण लाकडाचा रंग बघतो, जाळीवरचे चांदतारे बघतो, खाली लंगोट ठेवायला कप्पा आहे का ते बघतो. पहिल्या बाळाच्या वेळी मीही तेच केलं. दुसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. या वस्तूचा अर्धाच भाग दुकानात मिळतो. उरलेला अर्धा म्हणजे तुमचा पलंग, आणि तो तुमच्या घरी आहे. हे दोन अर्धे जिथे जोडले जातात, तिथेच सगळी गोम असते. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानातून करू नका. घरातूनच करा, हातात टेप घेऊन.

मुळात वेगळी गादी कशाला?

हे थोडक्यात सांगते, कारण घरात कोणीतरी हा प्रश्न विचारणारच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०२२ साली सुधारलेल्या शिफारशींमध्ये स्पष्ट म्हटलंय की बाळ आईवडिलांच्या खोलीत असावं, शक्यतो पहिले निदान सहा महिने, पण त्याच्या स्वतःच्या कडक, सपाट गादीवर, पाठीवर झोपलेलं. कारण आहे सिड्स. धडधाकट वाटणारं, वर्षाच्या आतलं बाळ झोपेत अचानक जातं आणि तपासण्या करूनही कारण सापडत नाही, त्याला हे नाव आहे. पहिला ते चौथा महिना हा त्यातला सर्वांत नाजूक काळ. त्याशिवाय मोठ्यांच्या पलंगावर इतर धोके आहेतच. मऊ गादी, जाड पांघरूण, उशी, गादी आणि भिंत यांमधली फट, आणि गाढ झोपलेलं मोठं माणूस.

बेडसाइड क्रिब या दोन गोष्टी एकत्र साधतो, जवळीक आणि वेगळी गादी. तो नीट बसला नाही, तर मात्र मोठ्यांच्या पलंगाचे धोके आपण बाळाच्या अंथरुणात नेऊन ठेवतो.

पलंग मोजा, आणि मोजताना कोणाला तरी त्याच्या कडेला बसवा

पहिलं माप म्हणजे जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. हे माप दोनदा घ्यायचं. एकदा गादी रिकामी असताना आणि एकदा तुम्ही स्वतः पलंगाच्या कडेला बसलेल्या असताना. आमच्या जुन्या गादीत हा फरक चांगला चार बोटांचा निघाला. क्रिबची उंची ठरवताना कागदावरचं रिकाम्या गादीचं माप कामाचं नाही. रात्री त्या कडेवर तुम्ही झोपणार आहात, तेव्हा गादी किती दबते हे कळायला हवं. गादी फारच बसकी असेल, तर आधी तिचं बघा.

दुसरं माप बहुतेक जण विसरतात. पलंगाची लाकडी चौकट गादीच्या बाहेर किती येते? काही पलंगांना गादीभोवती दोन-तीन इंचांची कड असते, दिसायला छान. पण क्रिब त्या कडेला टेकतो, गादीला टेकत नाही. मग मधे सरळ एक नाली तयार होते. आमच्या पलंगाची कड जेमतेम दीड इंचाची होती. पहिल्या बाळाच्या वेळी मी त्या नालीत चादरीची घट्ट घडी करून कोंबली आणि हातावर हात झटकून मोकळी झाले. तिसऱ्या रात्री दूध पाजायला उठले तर घडी उलगडून तिचं एक टोक क्रिबच्या आत, बाळाच्या खांद्यापाशी आलेलं. बाळ शांत झोपलं होतं, काहीच झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. फट कशानेही भरायची नाही. टॉवेल नाही, उशी नाही, फोमचा तुकडाही नाही. फट नसेल अशी मांडणी करायची, आणि ते जमत नसेल तर क्रिब जोडायचाच नाही, त्याचा कठडा वर करून तो नुसता शेजारी ठेवायचा.

तिसरं म्हणजे पलंगाखाली काय आहे ते बघा. बऱ्याच क्रिबचे पाय इंग्रजी एल अक्षरासारखे असतात आणि ते पलंगाखाली सरकतात. पलंग खोक्यासारखा जमिनीपर्यंत बंद असेल, खाली सामानाचे कप्पे असतील, तर हे पाय जाणार कुठे? काही मॉडेलचे पाय दुमडतात किंवा मागे सरकवता येतात, पण मग क्रिबचा तोल पुरेसा राहतो का हे पुस्तिकेत बघावं लागतं. जमिनीवरच गादी घालून झोपणाऱ्यांनी जोडणीचा विचार सोडून द्यावा. इतकी कमी उंची या क्रिबना जमत नाही. तो चारही बाजू बंद ठेवून शेजारी उभा करावा, काम तितकंच चांगलं होतं.

चौथं म्हणजे चाकं. तुमच्या पलंगाला चाकं आहेत का, फरशी गुळगुळीत आहे का? रात्री कूस बदलली की पलंग अर्धा इंच सरकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. क्रिब मात्र तिथेच राहतो. ती अर्ध्या इंचाची फट रोज थोडी थोडी वाढत जाते.

ही सगळी मापं फोनमध्ये लिहून ठेवा, पलंगाचा कडेकडून एक फोटोही काढा. खरेदीच्या वेळी विक्रेता "सगळ्या पलंगांना बसतो" म्हणेल. तेव्हा फोटो पुढे करायचा.

लेबल वाचा

बेडसाइड क्रिबसाठी स्वतंत्र सुरक्षा मानकं आहेत. अमेरिकेत २०१४ पासून या प्रकारासाठी सक्तीचं वेगळं मानक आहे आणि त्याच्या मुळाशी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ २९०६ (ASTM F2906) आहे. युरोपात ईएन ११३० (EN 1130) हे मानक आहे, त्याची २०१९ची सुधारित आवृत्ती बघावी. तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट आली. पलंगाकडची बाजू खाली घेतली तरी बाळ आणि पलंग यांच्या मधे सुमारे १२ सेंटिमीटर उंचीचा आडोसा राहिलाच पाहिजे. त्याआधी पूर्ण उघडी पडणारी, मोठ्यांच्या गादीला सपाट मिळणारी मॉडेलं सर्रास होती, आणि अजूनही जुन्या वस्तूंच्या बाजारात ती फिरतात. दिसायला ती जास्त लोभस असतात हे खरं, मायलेकरू एकाच अंथरुणावर असल्यासारखं वाटतं. पण आडोसा नाही म्हणजे तुमचं पांघरूण सरकून आत जायला वाट मोकळी, आणि बाळाला बाहेर यायलाही.

लेबलवर मानकाचा क्रमांक, उत्पादनाची तारीख, मॉडेल क्रमांक आणि वजनाची मर्यादा हे सगळं छापलेलं असावं. नुसतं "आंतरराष्ट्रीय दर्जाचं" किंवा "बालरोगतज्ज्ञांनी सुचवलेलं" असं लिहिलं असेल, तर त्याला अर्थ नाही. क्रमांक नाही तर क्रिब नाही, इतकं सोपं ठेवा.

गादी: बोटांनी नव्हे, तळहाताने

इथे जरा वेळ काढा. खरेदीत सगळ्यात जास्त चूक याच ठिकाणी होते. आपण गादी दाबतो, ती कडक लागते आणि आपला जीव कळवळतो, इतक्या इवल्या जिवाला लाकडावर झोपवायचं? पण बाळाला कडकच गादी हवी. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव भाग असतं आणि मानेत ते उचलायची ताकद नसते. मऊ गादीत डोकं रुततं, खळगा पडतो. बाळाचं तोंड त्या खळग्याकडे वळलं, तर स्वतःच सोडलेला श्वास ते पुन्हा पुन्हा आत घेतं. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, प्राणवायू कमी होतो, आणि मोठं माणूस जसं गुदमरल्यावर खडबडून उठतं तसं काही बाळांना उठता येत नाही.

परीक्षा अशी. तळहात गादीच्या मधोमध ठेवून चांगला दाबा आणि उचला. हाताचा ठसा मागे राहिला, गादी सावकाश वर येत राहिली, तर ती नको. मेमरी फोमचं नेमकं हेच होतं, म्हणून तो मोठ्यांच्या पाठीला कितीही चांगला असला तरी इथे उपयोगाचा नाही.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर ऑस्ट्रेलियात घरच्या घरी करायला सांगतात ती पद्धत आहे. जुन्या १२ सीडी एकावर एक रचा, सुमारे १५ मिलिमीटर जाडीची चकती होते. ती गादीवर ठेवा, बाळाचं डोकं येईल त्या जागी. तिच्यावर एक लिटरचे दोन भरलेले चौकोनी कार्टन आडवे, एकावर एक ठेवा. खालच्या कार्टनची कड चकतीच्या बाहेर ४ सेंटिमीटर आली पाहिजे. आता खाली वाकून बघा. ती बाहेर आलेली कड गादीला टेकतेय का? टेकत असेल तर गादी मऊ आहे. सीडी आता कोणाकडे असतात म्हणा, पण माळ्यावरच्या खोक्यात एखादी चळत निघतेच. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओच्या निघाल्या, त्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला आल्या.

गादी आणि क्रिबच्या बाजू यांमधे दोन बोटं शिरली तर गादी लहान आहे. चारही कोपऱ्यांत तपासा, मधे बरोबर असून कोपऱ्यात सैल असं पुष्कळदा होतं. आणि क्रिबसोबत जी गादी येते तीच वापरायची. बाहेरून दुसरी, जास्त जाड, जास्त गुबगुबीत गादी आणून टाकू नका. गादी दोन इंच जाड झाली की कठडा दोन इंच बुटका झाला. वरून मऊ दुलई अंथरली तरी तेच. हवा खेळती राहते, श्वास कोंडत नाही, असं म्हणून विकल्या जाणाऱ्या मऊ गाद्याही कडकपणाच्या परीक्षेतून सुटत नाहीत.

नव्या गादीवर प्लास्टिकचं पातळ वेष्टन असतं. गादी खराब होऊ नये म्हणून काही जण ते तसंच ठेवून वरून चादर घालतात. ते काढून, फाडून टाका. त्याऐवजी बसवता येणारं, घट्ट, पाणी न झिरपणारं आवरण मिळतं.

सांगाडा, जाळी, कुलपं

हे भराभर होतं. लाकडी गज असतील तर दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं. जाळी असेल तर तिची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा लहान हवीत, म्हणजे इवलं बोट किंवा कपड्याचं बटण अडकत नाही. जाळी ताणून बसलेली असावी. हाताने बाहेर ढकलून बघा, ती गादीपासून लांब जाऊन झोळीसारखा कप्पा तयार होत असेल तर बाळ त्या कप्प्यात घसरू शकतं. कोपऱ्यांचे खांब वर आलेले नकोत, कपडा अडकतो. नक्षीच्या नावाखाली कापलेली भोकंही नकोत.

खाली येणाऱ्या बाजूची कडी मात्र स्वतः दहा वेळा उघडून बंद करा. एका धक्क्याने ती सुटता कामा नये, दोन वेगवेगळ्या हालचाली केल्यावरच सुटली पाहिजे. त्याच वेळी ती तुम्हाला एका हाताने, अंधारात, आडवं पडल्या पडल्या जमली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. आणि आवाज ऐका. काही क्रिबची चेन इतकी करकरते की मोठ्या कष्टाने झोपवलेलं बाळ कठडा वर करतानाच जागं होतं. मग आईबाबा कंटाळून कठडा वर करणंच सोडून देतात. एवढ्याशा आवाजाने एक चांगली सवय जाते.

सगळ्यात शेवटी क्रिबच्या वरच्या कडेवर दोन्ही हात ठेवून हलवा. डुगडुगला तर पुढचा बघा.

ज्या सोयी नकोत

पहिली म्हणजे तिरकी करता येणारी गादी. एका बाजूचे पाय उंच करून डोक्याकडची बाजू वर उचलायची सोय अनेक क्रिबना असते आणि बाळ दूध काढतं त्यासाठी ती उत्तम असं सांगतात. ही सोय मला सगळ्यात जास्त खटकते, कारण काळजीपोटीच माणसं ती घेतात. तिरक्या पृष्ठभागावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि पातळशी श्वासनलिका दुमडली जाते. १० अंशांपेक्षा जास्त उतार असुरक्षित धरला जातो. अमेरिकेत २०१९ मध्ये तिरक्या झोपाळ्यांची लाखोंनी परतबोलावणी झाली, म्हणजे विकलेला माल उत्पादकांनी परत मागवला, आणि २०२२ मध्ये असे झोपाळे आणि कडेने लावायच्या जाड गुबगुबीत पट्ट्या, दोन्हींवर कायद्याने बंदी आली.

"पण पाठीवर सपाट झोपवलं आणि उलटी झाली तर घशात अडकेल ना?" हा प्रश्न आमच्या घरी रोज संध्याकाळी निघायचा, आजी दाराशी उभ्या राहून विचारायच्या. शरीराची रचना उलटं सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागेल. पालथं झोपवलं की हीच रचना उलटी होते, श्वासनलिका खाली येते. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवा असं मोहीम काढून सांगायला सुरुवात झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत दोन्हीकडे सिड्सचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. दूध काढण्याचा त्रास खरोखर जास्त असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, क्रिबचे पाय उचलू नका.

दुसरी नको असलेली सोय म्हणजे कुलूप न लागणारा झोका. हलता क्रिब असेल तर तो पूर्ण स्थिर करता यायला हवा आणि बाळ झोपल्यावर तो स्थिरच असावा. तिसरी, लटकणारी खेळणी, दोऱ्या, झुंबरं. चौथी, संचासोबत फुकट मिळणारी उशी, रजई आणि कडेच्या गाद्या. विकणाऱ्याने दिल्या म्हणून त्या सुरक्षित होत नाहीत. त्या घरी येताच वेगळ्या कपाटात ठेवा, पाहुण्यांना क्रिब दाखवायला म्हणूनसुद्धा आत मांडू नका, कारण मांडलेली वस्तू काढायची राहून जाते.

कोणीतरी वापरलेला क्रिब देऊ करतंय?

बेडसाइड क्रिब जेमतेम पाच-सहा महिने वापरला जातो, त्यामुळे वापरलेला घेणं शहाणपणाचं आहे. फक्त प्रेमाने मिळाला म्हणून तपासणी सोडू नका. मॉडेल क्रमांक टाकून त्याची परतबोलावणी झाली आहे का ते शोधा. मूळ पुस्तिका नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि तिच्यातली सुट्या भागांची यादी समोर ठेवून प्रत्येक खिळा, स्क्रू, पट्टा मोजा. मला ओळखीतून मिळालेल्या एका क्रिबचा एक स्क्रू हरवला होता, त्याच्या जागी कोणीतरी जवळपासच्या मापाचा दुसरा बसवला होता. बघताना ठीक. वजन टाकल्यावर तो सांधा महिनाभरात सैल झाला. क्रिब पलंगाला बांधायचे पट्टे नसतील तर तो जोडायचा नाही, दोरीने बांधणे हा पर्याय नाही.

गादी मधे खचलेली असेल तर उत्पादकाकडून त्याच मॉडेलची नवी घ्या. ती मिळत नसेल तर क्रिब नको. मोठ्या पाळण्यांमधे वरखाली सरकणाऱ्या बाजूचा एक जुना प्रकार होता, त्याच्या खाचा झिजून बाजू निखळायची आणि मधल्या फटीत बाळं अडकायची. अमेरिकेत २०११ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आली. घरातला पिढीजात पाळणा अशा प्रकारचा असेल, तर त्यात कपडे ठेवा.

घरी जोडणी

प्रसूतीच्या तारखेच्या निदान तीन-चार आठवडे आधी जोडा. नव्या लाकडाचा, रंगाचा, गादीचा वास उडून जायला वेळ मिळतो, आणि बाळ लवकर आलं तर बाबांना रात्री अकरा वाजता पान्हा शोधत बसावं लागत नाही.

आधी क्रिब पलंगाला न लावता, मोकळा, सपाट जमिनीवर पूर्ण जोडा. आतली गादी काढून तळाच्या फळीवर फोन ठेवा आणि फोनमधलं समपातळी दाखवणारं ॲप उघडा. आकडा शून्याच्या आसपास हवा. दोन्ही बाजूंच्या पायांची उंची वेगवेगळ्या खाचेत राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि डोळ्यांना ती दिसत नाही. आमच्या वेळी ॲपने ३ अंश दाखवले, तेव्हा कुठे कळलं की डावीकडचा एक पाय चौथ्या खाचेत आणि बाकीचे तिसऱ्या खाचेत होते.

मग उंची. बहुतेक क्रिबमध्ये खाली घेतलेल्या कठड्याची वरची कड तुमच्या गादीच्या पृष्ठभागाला समतल येईल अशी खाच निवडायची असते, म्हणजे बाळाची गादी त्याच्या खाली राहते. पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल तेच अंतिम. तुमची गादी कठड्याहून उंच असेल तर पांघरूण आणि तुमचा हात आत घरंगळतो. कठडा तुमच्या गादीहून बराच उंच असेल तर बाळ उचलायला कोपरावर उठावं लागतं, मग क्रिब कशाला घेतला असं होतं. मधली खाच नसेल तर कठडा वर करून शेजारी ठेवा. पलंगाच्या पायांखाली विटा किंवा पुस्तकं घालून उंची जुळवू नका.

पट्टे ओवायचं काम दोघांचं आहे. पट्टा क्रिबच्या बाजूने निघून तुमच्या गादीखालून आरपार जातो आणि पलंगाच्या पलीकडच्या चौकटीला अडकतो. काही मॉडेलमध्ये जवळच्या चौकटीलाच बांधतात. गादी एकाने उचलून धरायची, दुसऱ्याने पट्टा ओवायचा, मग गादी खाली टाकून त्याला पीळ पडला नाही ना हे हाताने चाचपायचं. दोन्ही पट्टे सारखे ताणायचे. एक जास्त ओढला की क्रिब तिरका होतो, डोक्याकडे चिकटतो आणि पायाकडे फट पडते. उरलेलं टोक लोंबत ठेवायचं नाही, गुंडाळून गादीखाली सरकवायचं.

आता खरी परीक्षा. एकाने पलंगाच्या कडेला झोपायचं, कूस बदलायची, उठून बसायचं, पुन्हा झोपायचं. दुसऱ्याने गुडघ्यावर बसून क्रिब आणि गादी यांच्या मधे बोट घालायचा प्रयत्न करायचा, डोक्यापासून पायापर्यंत. बोट कुठेही शिरलं तर पट्टे आवळायचे आणि परत तपासायचं. दोन दिवस तसंच राहू द्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोट फिरवा. बाळ आल्यावर ही बोट फिरवायची सवय रोज रात्री दिवा घालवण्याआधी ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे.

क्रिब कुठे ठेवायचा? खिडकीच्या पडद्याच्या दोऱ्या, चार्जरच्या वायरी, कॅमेऱ्याची वायर हे सगळं निदान एक मीटर लांब. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही, हीटर जवळ नसेल अशी जागा. आणि क्रिबच्या पलीकडे लगेच भिंत असेल तर पलंग भिंतीकडे ढकलून क्रिब मधे चेपायचा मोह टाळा, त्याने पट्टे सैल पडतात.

आत काय ठेवायचं

गादी, ताणून बसलेली चादर, बाळ. बस.

थंडी वाटेल म्हणून पांघरूण घालावंसं वाटलं तर त्याऐवजी अंगात एक कपडा जास्त घाला किंवा बाह्यांच्या जागी भोकं असलेली झोपेची पिशवी वापरा, बाळाच्या वजनाच्या मापाची. वजन भरलेल्या पिशव्या आणि दुपटी मिळतात, त्या घेऊ नका. घरात झोपताना टोपी नको, डोक्यातून बाळाची बरीच उष्णता बाहेर पडते. बाळाला गरम होतंय की गार हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. घाम असेल तर एक थर कमी करा. दुपट्यात गुंडाळत असाल तर बाळ कुशीवर वळायची धडपड दिसली त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. डोकं मागून चपटं होईल अशी भीती असते, त्यासाठी बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, त्याला पालथं घाला.

पहाटे तीन वाजता

सगळं नीट मांडलेलं असतं आणि तरीही पहाटे तीनला बाळ छातीवर घेऊन डोळा लागतोच. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका, तयारी ठेवा. झोप येतेय असं वाटत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. तिथे झोप लागणं पलंगापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे, कारण बाळ गादी आणि पाठ यांच्या खाचेत सरकतं. पलंगावर, उशा-पांघरुणं दूर सारून पाजा, आणि जाग आल्या क्षणी बाळ क्रिबमध्ये ठेवा. दोघांपैकी कोणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल किंवा वजनाने कमी असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यायची.

बाळ ठेवल्यावर कठडा वर करायचा की खाली? तुम्ही पलंगावर असताना, पुस्तिकेप्रमाणे जोडलेला असेल तर खाली चालतो. तुम्ही खोलीबाहेर जाताना, अगदी पाणी प्यायला गेलात तरी, वर. आणि घरात मोठं भावंड किंवा मांजर असेल तर दिवसाही वरच.

कधी थांबायचं

पेटीवर "सहा महिन्यांपर्यंत" आणि "९ किलोपर्यंत" असं काहीतरी छापलेलं असतं, मॉडेलनुसार आकडे बदलतात. पण बाळ पेटी वाचत नाही. ते हातागुडघ्यांवर अंग उचलायला लागलं, कडेला धरून वर व्हायला बघू लागलं, की वय आणि वजन काहीही असो, क्रिबचं काम संपलं. कोणाचं हे चौथ्या महिन्यात होतं, कोणाचं सहाव्या. उंच बाजूंचा मोठा पाळणा त्याआधीच घरात येऊन उभा राहिलेला बरा. आमच्या धाकट्याने एका दुपारी खालच्या सतरंजीवर दोन्ही हात टेकून छाती उचलली आणि आमच्याकडे बघून हसला. त्याच संध्याकाळी पट्टे सोडले.

सोडताना एक करा. निघालेला प्रत्येक स्क्रू, दोन्ही पट्टे, पान्हा आणि पुस्तिका एकाच चेनच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी क्रिबच्या सांगाड्यालाच चिकटपट्टीने बांधून टाका. तुमच्यानंतर तो ज्या घरी जाईल, तिथे कोणीतरी एक स्क्रू कमी आहे म्हणून जवळपासच्या मापाचा दुसरा शोधत बसणार नाही.